आज वर्गात कोण नव्हतं?

आनारकुल माझ्या धाकट्या भावाची बायको. तिला आमच्या घरात येऊन तीसेक वर्षं होत आली, आणि जवळपास तितकीच वर्षं आम्ही दोघं कारा-बुलुन गावच्या एकाच शाळेत शिकवतो आहोत. ती चौथीला, मी वरच्या वर्गांना भूगोल. या सगळ्या काळात तिने माझं नाव एकदाही घेतलेलं नव्हतं. सुनेने सासऱ्याचं आणि थोरल्या दिरांचं नाव घ्यायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. लग्न झालं की पोरी आपणहून दुसरी नावं शोधून काढतात. माझ्या बायकोने माझ्या चुलत्याला 'टोपीवाले' केलं, आणि आनारकुलने मला 'नकाशेवाले'.

"नकाशेवाले, शेगडीतला कोळसा संपला." "नकाशेवाले, तुमची सहावी माझ्या चौथीच्या डोक्यावर नाचतेय, जरा बघा." शाळेत एकदा पाहुण्यांसमोर मुख्याध्यापकांनी तिला सगळ्या शिक्षकांची नावं वाचून दाखवायला सांगितलं. ती खणखणीत आवाजात वाचत गेली, माझ्यापाशी आली, जरा थबकली आणि म्हणाली, "आणि हे आमचे नकाशेवाले." सभागृह हसलं. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, आतून मला गुदगुल्याच झाल्या. फुकट मान मिळत असेल तर तो नको म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दरवर्षी बर्फ वितळायच्या आधी नारीन शहरातल्या अध्यापक विद्यालयातून सरावाची मुलं-मुली आमच्याकडे येतात. त्यांना कुणाच्या तरी वर्गात पाठ घ्यायचे असतात आणि कुणीतरी मागे बसून ते बघायचे असतात. मी या भानगडीत कधी पडलो नाही. ही पोरं खडू संपवतात, पृथ्वीचा गोल वाटेल तसा फिरवतात, आणि जाताना माझ्या वर्गाची शिस्त बरोबर घेऊन जातात. आनारकुल मात्र दर वर्षी दोघा-तिघांना पदरात घेते. त्यांना राहायला जागा नसली तर स्वतःच्या घरी ठेवते, खाऊपिऊ घालते, आणि वर माझ्याकडे बघून म्हणते, "नकाशेवाले, तुम्ही काय आईच्या पोटातून खडू घेऊनच आला होतात?"

तिची पद्धत ठरलेली आहे. पहिला पाठ ती स्वतः घेते आणि सरावाची मुलगी शेवटच्या बाकावर बसते. दुसऱ्या दिवशी जागा बदलतात. "जे मी करून दाखवलं नाही, ते तुला करायला सांगणार नाही," हे तिचं वाक्य नारीनपर्यंत ठाऊक आहे. ते फक्त गणितापुरतं नाही. सकाळी शेगडीतली राख काढणं, कुणाचे बूट ओले आहेत ते दारातच हेरून त्या पोराला शेगडीजवळ बसवणं, हेसुद्धा ती आधी करून दाखवते. मग चौथीच्या त्या एवढ्याशा बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसते आणि पिशवीतून विणायचा मोजा काढते. पाठ चालू असतो, सुया चालू असतात. वर्गातलं एखादं पोर मागे पडलं की सुया थांबतात. सरावाच्या मुलांना दोन दिवसांत हे कळतं, आणि मग त्यांचा एक कान कायम त्या सुयांकडे असतो.

एका वर्षी मेलिस नावाचा उंच पोरगा आला होता. हुशार होता, पण फळ्याशीच बोलायचा. पोरांना त्याची फक्त पाठ दिसायची. आनारकुल त्याला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर आपली शाल टांगली, चार खिळे ठोकून, आणि मोजा घेऊन बसली. मेलिस घामाघूम झाला, पण त्या दिवशी त्याने पहिल्यांदा पोरांची तोंडं पाहिली.

पाठ संपला की ती कधी चुका काढत बसत नाही. एकच प्रश्न विचारते, "आज वर्गात कोण नव्हतं?" नवी पोरं हजेरीपट उघडून गैरहजर मुलांची नावं सांगतात. ती मान हलवते आणि शांतपणे मोजा गुंडाळते. आठवड्याभराने त्यांना कळतं की ती त्या मुलांबद्दल विचारत नाही. ती विचारते ते बाकावर बसलेल्या, पण वर्गात नसलेल्या पोराबद्दल. ज्याला ते पोर ओळखता आलं तो शिक्षक झाला, असा तिचा साधा हिशोब.

जिपार आली तेव्हा तिच्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. आमच्याच गावातल्या म्हाताऱ्या एगेमबेर्दी अतांची ती सून; वडीलधाऱ्यांना आम्ही अता म्हणतो. नवरा बिश्केकला बांधकामावर होता, सासू गेल्या वर्षी वारलेली, म्हणून घर, गाई आणि सासरा असं सगळं सांभाळून तिने सराव गावातच करायचं ठरवलं. पोरगी चांगली होती. आवाज गोड होता, बेरजा-वजाबाक्यांना चाली लावायची, आणि पहिल्याच आठवड्यात सगळी चौथी तिच्या मागे मागे फिरायला लागली. एगेमबेर्दी अता आयुष्यभर घोडे राखलेला माणूस. तो दुकानासमोर बसून सगळ्यांना ऐकवायचा, "तुमच्या सुना फोनवर काय काय बोलतात ते मला माहीत आहे. माझी सून अजून माझं नाव ओठांवर आणत नाही. शिकलेली असून." आणि मिशीवरून हात फिरवायचा.

आता गंमत अशी, की चौथीत एक एगेमबेर्दी होता.

या पोराच्या आधी त्याच्या आईची दोन बाळं जगली नव्हती. तिसरं झालं तेव्हा त्याची आजी कालिचा ते दुपट्यात गुंडाळून घेऊन म्हाताऱ्याच्या दारात गेली होती. म्हातारा हिमकड्याखाली सापडूनही जिवंत राहिलेला, त्याची सगळी मुलं धडधाकट, म्हणून तिने त्याच्याकडे त्याचं नाव मागितलं. म्हाताऱ्याने आपली पांढरी टोपी बाळाच्या अंगावर टाकली आणि म्हणाला, "घ्या. मला पुरून उरलंय." तो मुलगा जगला, वाढला, आणि खिडकीजवळच्या बाकावर बसून गणितं झपझप सोडवायला लागला. आणि आता ते नाव जिपारच्या तोंडून येईना. सकाळची हजेरी आनारकुल स्वतः घ्यायची, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. पण पाठाच्या वेळी त्या पोराने हात वर केला, की जिपार म्हणायची, "हां, तू सांग, खिडकीजवळचा."

यात तिला काही गैर वाटलं नाही. आपल्या सुना हेच करतात, मीच तर नकाशेवाला आहे. पण पोरं ती पोरंच. चार दिवसांत त्यांनी त्याचं 'खिडकी' करून टाकलं. "खिडकी, लागते का रे थंडी?" "ए खिडकी, तुला बंद करू का?" त्याने एकदोघांना बडवलं, मग बडवणं सोडून दिलं, आणि एके दिवशी दप्तर उचलून कोळशाच्या बादलीशेजारच्या बाकावर जाऊन बसला. तिथून त्याने पुन्हा हात वर केला नाही. जिपारनेही मग त्याला विचारणं सोडलं. आता तो खिडकीजवळचासुद्धा राहिला नव्हता.

रोज पाठ संपला की आनारकुल विचारायची, "आज वर्गात कोण नव्हतं?"

"सगळे होते, एजे," जिपार रोज सांगायची. बाईंना आमच्याकडे एजे म्हणतात, मास्तरांना अगाय. आनारकुल मोजा गुंडाळायची.

मला हे कळलं ते योगायोगाने. आनारकुल एका सकाळी कामासाठी नारीनला गेली होती, आणि हजेरी मी घ्यावी असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. जिपार शेगडीजवळ उभी होती. मी नावं घेत गेलो. यादीत एगेमबेर्दीचं नाव शेवटी होतं. मी ते घेतलं, कुणी बोललं नाही. पुन्हा घेतलं. मागून एक पोरगी म्हणाली, "अगाय, तो खिडकी आहे." मी त्या पोराकडे बघितलं. तो उठून उभा राहिला आणि अगदी समजुतीने मला म्हणाला, "खिडकीच म्हणा, अगाय. सगळे तेच म्हणतात." चेष्टा नव्हती त्यात. जिपारने मान फिरवली आणि शेगडीत कोळसा घालायला लागली, शेगडी आधीच भरलेली असताना.

दुपारी आनारकुल परत आली तशी मी तिला गाठली. मला राग आला होता.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग त्या पोरीला सांगत का नाहीस?"

"मी सांगितलं तर ते माझं उत्तर होईल. तिचं तिला सापडलं पाहिजे."

"बरं. आणि तिला सापडेपर्यंत त्या पोराने काय करायचं? आज तो मला स्वतःच सांगत होता की माझं नाव खिडकी."

आनारकुलच्या तोंडावरचा रंग उडाला. "स्वतः म्हणाला?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "मी जास्त थांबले, नकाशेवाले." आणि सरळ वर्गाकडे निघाली. मला हजेरीपट परत द्यायचा होता, म्हणून मीही मागोमाग गेलो आणि दारातच उभा राहिलो.

शाळा सुटली होती. जिपार फळा पुसत होती.

"आज वर्गात कोण नव्हतं, जिपार?"

"सगळे होते, एजे."

"मग एगेमबेर्दी कुठे होता?"

जिपारच्या हातातलं फडकं थांबलं. "मला ते नाव घेता येत नाही, एजे," ती हळूच म्हणाली. "मी खूप प्रयत्न केला. गोठ्यात जाऊन गाईसमोर घेऊन पाहिलं. घशातच अडकतं."

"गाय काय म्हणाली?"

जिपारला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. आनारकुलने तिला बाकावर बसवलं. पुढच्या आठवड्यात जिपारचा पाहणीचा पाठ होता. नारीनहून विद्यालयाचे साहेब येणार होते, आणि त्या पाठात हजेरी सरावाच्या मुलीनेच घ्यायची, पूर्ण नावाने, प्रत्येक पोराकडे बघून, असा नियम. एखादं पोर वगळलं, तर पाठ नापास आणि शिक्षिकेचा दाखला नाही.

"मग नाही होत मी शिक्षिका," जिपार डोळे पुसत म्हणाली. "गाई सांभाळीन."

"तुला नाव पोराचं घ्यायचंय. सासऱ्याचं नाही."

"तुम्हाला बोलायला सोपं आहे, एजे." मग तिने दारातल्या माझ्याकडे पाहिलं आणि धीर करून म्हणाली, "तुम्ही तरी अगायचं नाव कुठे घेता? इतकी वर्षं शेजारच्या वर्गात शिकवताय."

आनारकुल माझ्याकडे वळली. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी हजेरीपटाकडे बघितलं. तिने मोजा पिशवीत टाकला, बंद बांधला, आणि म्हणाली, "बरोबर बोललीस." एवढंच. दुसरी कुणी असती तर त्या पोरीला चार शब्द सुनावले असते. मी तर नक्कीच सुनावले असते.

संध्याकाळी ती आमच्या घरी आली. रोज येते, पण त्या दिवशी दारातच उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेले गरम बोर्सोक होते, कणकेचे तळलेले गोळे.

"आत ये की. पाहुण्यासारखी काय उभी?" माझी बायको म्हणाली.

"आज पाहुणीच आहे मी." ती आत आली, बोर्सोक समोर ठेवले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नकाशेवाले, तुमच्याकडे एक मागायचंय."

"माग."

"तुमचं नाव. एकदाच. उद्या, एगेमबेर्दी अतांच्या घरी, त्यांच्यासमोर."

बायकोला हसू आवरेना. "अगं, घेऊन टाक. मी तर रोज त्यांच्या नावाने खडे फोडते." मीही हसलो, पण ते हसू वरवरचं होतं. इतकी वर्षं उबदार कोटासारखा वापरलेला मान कुणीतरी अंगावरून उतरवून मागतंय असं वाटलं. मग मला त्या पोराचं ते समजुतीने बोलणं आठवलं. "घे," मी म्हटलं. "आणि तिथे एकटी जाऊ नकोस. मी येतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. म्हातारा शिर्दाकवर, लोकरीच्या नक्षीदार जाजमावर, मांडी घालून बसला होता, जिपारने चहा ओतला, कपात चार घोट, आमच्या रिवाजाप्रमाणे. पाहुण्याला थोडा थोडा चहा द्यायचा, म्हणजे तो बसून राहतो. कप काठोकाठ भरला, की त्याने समजून उठायचं. आनारकुलने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पोराचं नाव, खिडकी, बादली, पाहणीचा पाठ. जिपार कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शाळेत नाव घेईल. मग घरात घेईल. मग शेजारणीसमोर. माझी म्हातारी गेली, आनारकुल. या घरात माझा मान ठेवणारी आता ही एकटी पोर आहे. तेही तुम्ही काढून न्यायला आलात?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला वाटलं, आता उठावं. पण आनारकुल पाय मुडपून नीट बसली.

"अता, हे माझे थोरले दीर," ती म्हणाली. "मी नवरी होऊन आले त्या दिवसापासून यांच्याकडे कधी पाठ करून बसले नाही. यांच्या आधी घास घेतला नाही. यांच्यासमोर आवाज चढवला नाही, सहावीबद्दल बोलते तेवढं सोडून. यांचं नाव ओसमोनकुल आहे." ती थांबली. मग पुन्हा, माझ्याकडे वळून, "ओसमोनकुल अगाय."

 मी माझं नाव लहानपणापासून ऐकत आलोय; पोरांकडून, मुख्याध्यापकांकडून, आईकडून तर शिव्यांसकट. पण इतकं जपून ते कुणी घेतलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही.

"मान कमी झाला का, ते यांनाच विचारा," आनारकुल म्हणाली.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "काय मास्तर?"

 मी नुसती मान हलवली, आणि ती नाही म्हणून हलवली हे कळावं म्हणून पुन्हा हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते म्हाताऱ्याने पाहिलं असणार. पण त्याने तोंड फिरवलं आणि म्हणाला, "सूनबाई, कप भरून दे सगळ्यांना."

जिपारने कप काठोकाठ भरले. आम्ही प्यायलो आणि उठलो.

वाटेत बर्फाचा चिखल झाला होता.  शेवटी मीच म्हटलं, "करून दाखवायचा पाठ तर दिलास. फुकट गेला."

"पाठ दिल्या दिवशी कळतो का कधी?" ती म्हणाली. पण तिचाही चेहरा पडलेला होता. जिपारचं पुढे काय, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

पाहणीच्या पाठाच्या दिवशी मी माझी सहावी नद्यांच्या नावांना जुंपून चौथीच्या वर्गात मागे जाऊन उभा राहिलो. नारीनचे साहेब ओव्हरकोट न काढताच बसले होते. मागच्या बाकावर आनारकुल, हातात मोजा. जिपार फळ्यापाशी, चेहरा खडूसारखा. एगेमबेर्दी बादलीजवळ. इतक्यात बाहेर घोडा फुरफुरला. दार उघडलं आणि एगेमबेर्दी अता आत आले. पांढरी टोपी, नवा झगा, हातात चाबूक. कुणाला काही न विचारता ते मागच्या बाकावर आनारकुलशेजारी जाऊन बसले. बाक करकरला.

साहेबांनी माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं. मी खांदे उडवले.  घरात जे नाव निघत नाही ते प्रत्यक्ष सासऱ्यासमोर कसं निघणार? मला वाटलं, म्हातारा खात्री करून घ्यायला आलाय, की सून आपला शब्द मोडत नाही.

जिपारने हजेरीपट उघडला. एकेक नाव घेत गेली, प्रत्येकाकडे बघून. आवाज सुरुवातीला नीट होता, मग बारीक होत गेला. ती शेवटच्या नावापाशी आली आणि थांबली.

सुया थांबल्या.

बादलीजवळचा पोरगा नखं बघत बसला होता. आता काय येणार हे त्याला ठाऊक होतं. जिपारचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. साहेबांनी पेन उघडलं. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा काही नाही, आणि तिने हजेरीपट मिटायला घेतला.

"हजर," मागून आवाज आला.

घोडे हाकायचा आवाज तो. म्हातारा बाकावरून उठून उभा राहिला होता, टोपी हातात घेऊन. पोरं खिदळली, मग साहेबांकडे बघून गप्प झाली.

"माझी हजेरी झाली," म्हातारा म्हणाला. "हे पोर जन्मलं तेव्हा मी माझी टोपी त्याच्यावर टाकून नाव देऊन टाकलंय. दिलेलं मी परत घेत नाही. आता ते त्याचं. त्याचं घे, पोरी. आणि जरा मोठ्याने घे, मला कमी ऐकू येतं."

हा माणूस डोंगरापलीकडचा घोडा टापांवरून ओळखतो. त्याला कमी ऐकू येतं, हे आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

जिपारने श्वास घेतला. "एगेमबेर्दी," ती म्हणाली. ते इतकं हळू होतं की पुढच्या बाकावरही गेलं नसेल. मग तिने बादलीजवळ नजर वळवली, नीट त्या पोराकडे पाहिलं, आणि पुन्हा म्हणाली, "एगेमबेर्दी."

तो उठला. त्याने हजर म्हटलं नाही. दप्तर उचललं, बाकांमधून चालत खिडकीजवळच्या आपल्या जुन्या जागी गेला, तिथे बसलेल्या पोराला कोपराने सरकवलं, बसला, आणि मग म्हणाला, "हजर, एजे."

सुया पुन्हा चालू झाल्या. मी पाहिलं, आनारकुलचे डोळे भरले होते आणि ती न बघताच विणत होती. तो मोजा पुढे तिला उसवावा लागला, कारण टाच भलतीकडेच गेली होती.

पाठ अपूर्णांकांचा होता. जिपारने भाकरीचे तुकडे करून दाखवले. एगेमबेर्दीने दोनदा हात वर केला, एकदा चुकलं, आणि चुकलं तरी तुकडा मोठा कोणता यावर जिपारशी वाद घातला. साहेब त्यांच्या कागदावर लिहीत होते. जाताना त्यांनी आनारकुलला विचारलं, "मागे बसले होते ते गृहस्थ कोण?"

"पालक," ती म्हणाली.

वर्ग रिकामा झाला. म्हातारा बाहेर घोड्याचा लगाम सोडत होता, आणि त्याच्या भोवती चौथीची सगळी पोरं घोड्यावर बसायला मागत होती. एगेमबेर्दीला त्याने सगळ्यांत आधी वर चढवलं होतं. जिपार फळा पुसून वळली. आनारकुल मोजा गुंडाळत होती.

"आज वर्गात कोण नव्हतं, जिपार?"

जिपारने खिडकीतून बाहेर, घोड्यावर बसलेल्या पोराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खिडकी नव्हता, एजे," ती म्हणाली.

आनारकुलने पिशवीचा बंद बांधला. "मग बरा झाला पाठ," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून सरावाच्या कुणालाही यापेक्षा मोठं कौतुक मिळालेलं मी ऐकलेलं नाही. जिपार आज आमच्याच शाळेत आहे, दुसरीला शिकवते, आणि घरी अजून सासऱ्याला 'घोडेवाले' म्हणते. म्हातारा दुकानासमोर बसून ते सगळ्यांना सांगतो.

त्या दिवशी आम्ही बाहेर पडलो तेव्हा मी मुद्दाम मागे रेंगाळलो. काय सांगू, मोह झाला होता. एकदा ऐकलेलं नाव पुन्हा कानावर पडावं असं वाटत होतं. ती फाटकापर्यंत गेली, मी मागे राहिलोय हे तिला कळलं, आणि ती वळली.

"येताय ना, नकाशेवाले?" ती म्हणाली.

तिने एकदाच मागितलं होतं. मी गेलो.